नटाला दुसरा प्रयोग हवा

५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगमंचावर आणले, त्याच्या स्मरणार्थ हा दिवस पाळला जातो. नटराजाचे पूजन होते, ज्येष्ठ रंगकर्मींना शाल-श्रीफळ अर्पण होते, आणि गोमंतक ही कलावंतांची खाण आहे, हे वाक्य एखाद्या तरी वक्त्याच्या तोंडून बाहेर पडतेच. वाक्य खोटे नाही. परंतु खाणींचा व्यवहार या भूमीने फार जवळून पाहिला आहे. नुसते उपसतच राहिले तर डोंगराच्या जागी पाण्याने भरलेला खंदक उरतो, हे आपल्याला कोणी शिकवावयास नको. नटाच्या बाबतीत आपण उपसतो किती आणि परत घालतो किती, याचा हिशेब एकदा मांडला पाहिजे, असे आम्हांला वाटते.

दिवाळी सरली की गावोगावच्या जत्रा-काल्यांचा हंगाम सुरू होतो. देवळासमोर मंडप पडतो आणि पालखी परतल्यावर नाटकाची घंटा होते. रंगपटात तोंडाला रंग लावून बसलेला राजा दिवसा शाळामास्तर असतो, प्रधान बँकेत कारकून असतो, सेनापती फेरीबोटीवर किंवा कदंबच्या बसवर नोकरी करतो. दोन-दोन महिने ही मंडळी दिवसाचे काम आटोपून रात्री तालमीला उभी राहतात. पदरमोड करतात, घरच्यांची बोलणी खातात, खोकल्याची उबळ दाबीत संवाद पाठ करतात. प्रयोगाची रात्र उजाडते, पहाटे पडदा पडतो, आणि सकाळी ड्रेपरीवाला कपड्यांच्या पेट्या उचलून नेतो. नाटक संपले. पुढच्या वर्षी नवे नाटक, नव्या भूमिका आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ! स्पर्धांतूनही थोड्याफार फरकाने हेच घडते. बहुसंख्य नाटके एका रात्रीपुरती जन्माला येतात आणि निकाल लागला की अडगळीत जातात.

या एका रात्रीने नट घडत नाही, हे आमचे म्हणणे आहे. अभिनय ही पाठांतराची विद्या नव्हे. पहिल्या प्रयोगात नटाचे सारे चित्त आपल्या शब्दांवर असते. चार-पाच प्रयोग झाले म्हणजे तो समोरच्या नटाचे खरोखर ऐकू लागतो. वीस-पंचवीस झाले म्हणजे अंधारात बसलेल्या प्रेक्षकांचे त्याला कळू लागते. हशा कुठे पिकतो, कुठे पिकवू नये, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज न ओरडता कसा पोचवावा, एखादा क्षण मौनाने किती ताणावा, या गोष्टी कोणताही तालीममास्तर शिकवू शकत नाही. त्या प्रेक्षकच शिकवतात, आणि तेही पुनःपुन्हा समोर आले तरच. आचार्य अत्र्यांचे ‘तो मी नव्हेच’ १९६२ साली रंगमंचावर आले. प्रभाकर पणशीकरांनी त्यातली पाच रूपे हजारो प्रयोगांतून वठवली. फिरता रंगमंच वळेपर्यंतच्या अवधीत वेष, चाल, बोली आणि स्वभाव बदलण्याची ती किमया एका रात्रीच्या तयारीने साधणारी नव्हती.

दूर जाण्याचेही कारण नाही. पेडण्यापासून वेंगुर्ला-कुडाळपर्यंत फिरणारा दशावतारी नट पाहा. त्याच्या हाती संहिता नसते. आख्यान कोणते ते ठरले की संवाद त्याने जागच्या जागी उभे करावयाचे असतात. स्वतःचा रंग तो स्वतःच लावतो, आणि पेटाऱ्यासह आज या गावी तर उद्या त्या गावी जातो. हंगामभर रात्रीमागून रात्री उभे राहिल्यामुळे त्याच्या राजपार्टात जो रुबाब आणि स्त्रीपार्टात जी नजाकत येते, ती पाहून नाट्यशिक्षणाचे पदवीधरही थक्क होतात. त्याची शाळा म्हणजे त्याचे प्रयोग!

मग आपल्या हौशी नटाला दुसरा प्रयोग का मिळत नाही? नाट्यगृहाचे भाडे, प्रकाशयोजना, नेपथ्याची वाहतूक, लेखकाचे मानधन, नोकरीतली रजा, ही कारणे खरी आहेत. परंतु सर्वांत मोठे कारण आपण स्वतः आहोत, हे कबूल केले पाहिजे. मंडपातले फुकट नाटक पाहण्याची आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. मुंबईहून नामवंतांचे नाटक आले तर आपण तिकीट काढतो. शेजारच्या वाड्यावरचा नट त्याच तोलाचा असला तरी त्याच्याकडून पासाची अपेक्षा ठेवतो. याच गोव्यात तियात्राची स्थिती निराळी आहे. १८९२ साली मुंबईत जन्मलेला हा नाट्यप्रकार आजही तिकीटबारीवर उभा आहे, लोकप्रिय तियात्रांचे शंभरावर प्रयोग होतात आणि कित्येक कलावंतांची चूल त्यावर पेटते. त्याची आवड-निवड वेगळी असेल. पण आपल्या नटाला पैसे मोजून पाहण्याची त्या प्रेक्षकाची रीत अनुकरणीय आहे, हे सांगण्यात आम्हांला कमीपणा वाटत नाही.

प्रयोग नाहीत म्हणून मिळकत नाही, आणि मिळकत नाही म्हणून ज्याच्या अंगी खरोखर गुण आहे तो मुंबईची वाट धरतो. हे आजचे नाही. १९१९ साली मुंबईत स्थापन झालेल्या गोवा हिंदु असोसिएशनने मास्टर दत्तारामांसारख्या नटांना रंगमंच दिला, १९६४ साली ‘मत्स्यगंधा’ आणि १९७० साली ‘नटसम्राट’ मराठी रंगभूमीला दिले. ‘नटसम्राट’मधला वृद्ध नट साकारणाऱ्या डॉ. श्रीराम लागूंनी वैद्यकीय व्यवसाय सोडून पूर्णवेळ रंगभूमी पत्करली होती. असे धाडस किती जणांना परवडते? ‘मत्स्यगंधा’तून नावारूपाला आलेल्या गोमंतकन्या आशालता वाबगावकर वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षीही काम करीत होत्या. २०२० साली साताऱ्यात मालिकेच्या चित्रीकरणाच्या वेळी त्यांना कोरोनाची लागण झाली आणि २२ सप्टेंबरला त्यांचे निधन झाले. कामावरची निष्ठा म्हणून आपण त्याचे कौतुक करतो. पण नटाचा धंदा किती जोखमीचा आहे, हेही त्यातून दिसावयास हवे.

पणजीत मांडवीच्या काठी कला अकादमीच्या नाट्यगृहाला मास्टर दीनानाथ मंगेशकरांचे नाव आहे. मंगेशीच्या या तेजस्वी गायक-नटाने १९१८ साली सहकाऱ्यांसह बळवंत संगीत मंडळी उभी केली. बोलपटांच्या लाटेत ती बुडाली. २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले तेव्हा वय अवघे एक्केचाळीस होते, आणि घराचा भार तेरावे वर्ष चालू असलेल्या लतावर पडला. ती मुलगी पुढे लता मंगेशकर झाली म्हणून ही कथा आपण अभिमानाने सांगतो. ज्या नटांच्या घरी अशी लता नव्हती, त्यांच्या कथा कोणी सांगत नाही.

चार्ल्स कोरिया यांनी उभारलेली हीच वास्तू २०२१ साली नूतनीकरणासाठी बंद झाली. जुलै २०२३मध्ये तिच्या खुल्या रंगमंचाचे छत कोसळले, नोव्हेंबरात ती पुन्हा उघडली, आणि ध्वनी व प्रकाशाच्या उणिवांबद्दल रंगकर्मींनी आवाज उठवल्यावर २०२४ साली कृती दल नेमावे लागले. या वादात रंगकर्मींची बाजू रास्त होती आणि आम्ही ती रास्तच मानतो. पण भिंती, खुर्च्या आणि छप्पर यांवर कोट्यवधी रुपये खर्च होत असताना त्या छपराखाली उभ्या राहणाऱ्या माणसावर किती खर्च होतो, हा प्रश्न मागेच राहिला.

आमच्या सूचना साध्या आहेत. स्पर्धेतल्या पहिल्या पाच नाटकांचे प्रत्येकी दहा तरी प्रयोग मडगाव, साखळी, कुडचडे, बायणा येथील रवींद्र भवनांत आणि फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात दरवर्षी नेमाने व्हावेत. भाडे नाममात्र असावे, पण तिकीट मात्र असावेच, आणि प्रत्येक प्रयोगामागे नटाच्या व पडद्यामागच्या कामगाराच्या हाती मानधन पडावे. सरकारची ‘कला सन्मान’ योजना वृद्ध कलावंताला दरमहा साहाय्य देते, ही चांगली गोष्ट आहे. परंतु उतारवयात आधार देण्याबरोबर उमेदीच्या काळात अपघात व आजारपणाचा विमाही हवा. सरकारी मदतीने कला मिंधी होते, असा आक्षेप येईल. त्याला उत्तर एवढेच की, अनुदान हातावर ठेवण्याऐवजी प्रयोगाची संधी दिली तर नट सरकारपुढे नव्हे, प्रेक्षकांपुढे उभा राहील.

आणि एक गोष्ट अशी आहे की जिच्यासाठी सरकारची वाट पाहावयास नको. प्रत्येक देवस्थानच्या जत्रोत्सव समितीने आपल्या गावचे नाटक शेजारच्या एका गावी न्यावे आणि त्या गावचे आपल्या मंडपात बोलवावे. खर्च टेंपोच्या भाड्याचा आणि रात्रीच्या जेवणाचा. एवढ्यावर गावच्या नटाला दुसरा प्रयोग मिळेल, अनोळखी प्रेक्षक मिळेल, आणि पहिल्या रात्री जे हातून निसटले ते दुसऱ्या रात्री सावरण्याची संधी मिळेल. रंगभूमी दिनाच्या शालीपेक्षा त्याला तीच अधिक ऊब देईल.