तेरेखोलच्या खाडीवरील गावनावे आणि आपला आळस

परवा आमच्या परिचयातील एका तरुणाने आपण 'तिराकोल, क्वेरिम आणि अरंबोल' पाहून आल्याचे मोठ्या कौतुकाने सांगितले. घराणे मूळचे पेडण्याचे, तीन पिढ्या बेळगावात. तेरेखोल, केरी आणि हरमल ही आजीच्या बोलण्यातली गावे आपण पाहून आलो, हे त्याला उमगलेच नव्हते.

याचे खापर आपण पोर्तुगीजांच्या माथी फोडून मोकळे होतो. ते न्याय्य नाही. तेरेखोल नदीच्या मुखाशी दक्षिणेस केरी आहे आणि उत्तरेस तेरेखोलचा किल्ला. नदी ही गोवा-महाराष्ट्राची सीमा खरी. परंतु १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी हा किल्ला सावंतवाडीकरांकडून घेतला, म्हणून उत्तर काठावरचे एवढेसे तेरेखोल आजही गोव्यातच आहे. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी याच किल्ल्यावर तिरंगा फडकविला.

पोर्तुगीज कारकुनाने नावे आपल्या भाषेच्या रीतीने लिहिली. त्या भाषेत 'ख' नाही, म्हणून 'खोल'चे 'कोल' झाले. 'ह'चा उच्चार नाही, म्हणून हरमलचा 'ह' गळाला. केरीच्या आरंभीची 'क्यू-यू' ही अक्षरे तेथे 'क' अशीच वाचावयाची आणि शेवटचा 'एम' नाकात उच्चारावयाचा. म्हणजे त्याने 'केरीं'च लिहिले होते! पेडणें, मांद्रें यांच्या रोमन रूपांतील 'एम'ही तोच अनुस्वार होय. आपण १९६२ च्या लेखननियमांनी असे अनुस्वार काढून टाकले. परक्याच्या लेखनात ते टिकले.

दोष आहे तो ही रोमन अक्षरे इंग्रजी वळणाने वाचून पुन्हा देवनागरीत उतरविणाऱ्या आपल्याच लोकांचा. आम्हीही त्यातून सुटत नाही. सरकारी सेवेत असताना इंग्रजी यादीवरून उतरविलेल्या गावनावांच्या कागदांवर आम्ही निमूटपणे सह्या केल्या. गावच्या माणसास विचारावे, एवढेही सुचले नाही.

पर्यटकांना हीच नावे कळतात, असे कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी रोमन पाटी आहेच. मग देवनागरी पाटी कोणासाठी?

वाचकांनी आपल्या मूळ गावाची, वाडीची, व्हाळाची नावे घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकून जशीच्या तशी लिहून ठेवावीत. ती माणसे गेल्यावर विचारावयाचे कोणाला?