काळजी हा बायकांचा स्वभाव नव्हे!



गेल्या महिन्यात माझ्या १४ वर्षांच्या मुलीला वार्षिक तपासणीला नेले. नर्सने तिच्या हातात सात प्रश्नांचा कागद दिला. तिने पेन उचलायच्या आत मीच बोलून गेले, "तिला काही नाही, परीक्षा आली की पोट दुखतं, इतकंच." नर्सने मला नम्रपणे बाहेर बसायला सांगितले. मुलीचे गुण आले १४. (तिला विचारूनच हे लिहिते आहे.)

ही 'जीएडी-७' प्रश्नावली २००६ सालची. गेल्या दोन आठवड्यांत काळजी आवरता आली का, स्वस्थ बसवले का, असे प्रश्न; प्रत्येकाला ० ते ३ गुण. १० किंवा अधिक आले की डॉक्टर पुढची चौकशी करतात. अमेरिकेत १३ वर्षांपासून पुढच्या मुली व स्त्रियांची, गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरसुद्धा, अशी चाचणी व्हावी ही शिफारस 'वुमेन्स प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस इनिशिएटिव्ह'ने २०२० मध्ये प्रसिद्ध केली. बहुतेक खासगी विम्यांत ती फुकट आहे. चिंताविकार स्त्रियांत पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट आढळतात!

आणि आपण? कोलेस्टेरॉलचे आकडे पार्टीत चवीने सांगतो, बुवाबाजीवर तावातावाने बोलतो. पण हा कागद आला की "रेकॉर्डवर राहील", "पुढे लग्नाचं काय?" मुलीला धडधडते, रात्र रात्र झोप लागत नाही, तरी ती 'हळवी'. सासूबाई भारतात परतल्यावर तान्ह्या बाळाबरोबर दिवसभर एकटी असणारी, डिपेंडंट व्हिसावरची इंजिनियर सून 'जरा चिडकी'. हे कसले पुरोगामीपण?

काहीजण म्हणतील, उगाच लेबल लावतात आणि गोळ्या देतात. चाळणी म्हणजे निदान नव्हे. निदान झाले तरी गोळ्याच घ्याव्या लागतात असे नाही. विचार-वर्तन बदलणारी सीबीटी ही उपचारपद्धती अनेकांना पुरते. चाळणीनंतर उपचारच मिळाले नाहीत तर कागद व्यर्थ, हा आक्षेप मात्र खरा. म्हणून थेरपिस्ट शोधायला एकमेकांना मदत करू या, लपवाछपवी नको.

एवढे तरी करा: तपासणीच्या वेळी खोलीबाहेर बसा, आणि स्वतःचा कागद खरा भरा.

परतताना गाडीत मुलीने विचारले, "आई, तुला कधी कुणी विचारलं का गं हे?"

मला नाही. तुम्हाला?