लोखंड किलोनं, नाव लाखांत

४७ लाख १५ हजार रुपये. बोला, एवढ्यात काय काय येतं? शहराच्या जरा बाहेर वन बीएचके येईल. ऑफिसच्या पार्किंगमध्ये सगळ्यांच्या माना वळतील अशी गाडी येईल. किंवा मग एक तलवार येईल. सरळ पात्याची, एकाच बाजूला धार असलेली, अठराव्या शतकातली.

महाराष्ट्र सरकारनं तिसरा पर्याय निवडला. २९ एप्रिल २०२५ ला लंडनमध्ये सोथबीजच्या लिलावात नागपूरकर रघुजीराजे भोसले (पहिले) यांची तलवार निघाली. सरकारला थेट बोली लावता येत नव्हती, म्हणून एका मध्यस्थामार्फत ती घेतली गेली. वाहतूक, विमा वगैरे सगळं धरून खर्च ४७ लाख १५ हजार. १८ ऑगस्ट २०२५ ला ती मुंबईत पोहोचली. रघुजी म्हणजे शाहू महाराजांकडून ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब मिळवणारे, बंगाल-ओडिशापर्यंत घोडी दामटणारे सरदार. त्यांची तलवार परदेशात कशी गेली? तर १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांच्या हाती लागली असावी, असा अंदाज मांडला गेला.

आता यातली गंमत बघा. या तलवारीचं पातं युरोपात बनलेलं आहे. त्या काळी आपल्या सरदारांना ‘इम्पोर्टेड’ची क्रेझ होतीच! अशा पात्याला आपण ‘फिरंग’ म्हणायचो. मूठ आपली, सोन्याचं नक्षीकाम आपलं, पोलाद गोऱ्यांचं. मग एवढा भाव कशाला आला? पोलादाला? सोन्याला? नाही हो. पात्यावर देवनागरीत, सोन्याच्या अक्षरांत ‘श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेब सुभा’ असं लिहिलंय, त्या अक्षरांना. नाव नसलेल्या तशाच जुन्या फिरंगी लिलावांत येतच असतात. त्या पेपरच्या पहिल्या पानावर येत नाहीत आणि त्यांच्यासाठी कुठलं सरकार धावत नाही.

मला या बातमीत जरा जास्तच इंटरेस्ट, कारण मी मूळचा कळंबचा. “कोणतं कळंब?” हा प्रश्न ऐकून माझे कान किटलेत. धाराशिवकडचं नाही, पुण्याजवळचंही नाही. यवतमाळ जिल्ह्यातलं, चिंतामणीचं कळंब! जमिनीच्या पातळीखाली पायऱ्या उतरून जिथं गणपतीचं दर्शन घेतात ते. २०२४ पासून वर्ध्याहून रेल्वेसुद्धा येते आमच्याकडे. नागपूरहून येताना वर्धा नदी ओलांडली की आमचा मुलूख लागतो. या भागावर एके काळी निजाम आणि नागपूरकर भोसले असा दोघांचा अंमल होता. १८०३ साली देवगावचा तह झाला आणि वर्धेच्या पश्चिमेचा भोसल्यांचा वाटा गेला. त्यामुळे इकडच्या पुष्कळ जुन्या घरांत ‘आपल्याकडची तलवार भोसल्यांच्या फौजेतली’ अशी एक गोष्ट असतेच. आमच्याही आहे. तिच्याकडे येतोच. आधी लिलावाचा धंदा समजून घेऊ.

लिलावात प्रत्येक वस्तूला एक नंबर मिळतो, त्याला लॉट म्हणतात. कॅटलॉगमध्ये फोटो, वर्णन आणि अंदाजे किंमत छापतात. मालकानं आतल्या आत एक किमान किंमत ठरवलेली असते, तिच्या खाली माल विकला जात नाही. हातोडा पडला की सौदा पक्का. पण घेणाऱ्याला हातोड्याच्या किमतीवर लिलाव कंपनीचं कमिशन वेगळं मोजावं लागतं. आपल्या ‘ऑन रोड प्राइस’सारखंच प्रकरण! पण कॅटलॉगमधली सगळ्यात महागडी ओळ कुठली माहितीय? ही वस्तू कुणाकडून कुणाकडे गेली, ती ओळ. ही मंडळी तिला ‘प्रॉव्हेनन्स’ म्हणतात. आपण सातबारा म्हणू.

हा सातबारा भक्कम असेल तर काय होतं? मे २०२३ मध्ये लंडनच्याच बॉनहॅम्सकडे टिपू सुलतानची तलवार निघाली. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर महालातून कुणाच्या हाती आली, पुढे कुणाकडे गेली, याचा माग होता. ती सुमारे १ कोटी ४० लाख पौंडांना गेली! चित्रांचंही तेच. वासुदेव गायतोंडे आपल्या नागपुरात १९२४ मध्ये जन्मले. सप्टेंबर २०२५ मध्ये सॅफ्रनआर्टच्या लिलावात त्यांचं १९७० चं एक चित्र ६७ कोटी ८ लाखांना विकलं गेलं. गंमत म्हणजे त्या चित्राला शीर्षकच नाही, ‘अनटायटल्ड’! चित्राला नाव नसलं तरी चालतं बॉस, चित्रकाराचं हवं.

या सगळ्यात मला सगळ्यात भारी वाटतात ती मेडल्स. लंडनमध्ये फक्त मेडल्सचे वेगळे लिलाव होतात. त्यात अधूनमधून ‘आर्मी ऑफ इंडिया मेडल’ येतं. चांदीचं, वर राणी व्हिक्टोरियाचा चेहरा. रिबिनीवर चांदीची एक पट्टी आणि पट्टीवर लढाईचं नाव. ही नावं वाचा: ‘अरगाम’, म्हणजे आपलं अकोला जिल्ह्यातलं अडगाव. ‘गाविलघुर’, म्हणजे चिखलदऱ्याचा गाविलगड. ‘सीताबुल्दी’ आणि ‘नागपूर’ कळलंच असेल. आपण ज्या गाविलगडावर वीकेण्डला भज्या खाऊन फोटो काढतो, त्याचं नाव मिरवणाऱ्या चांदीच्या पट्टीसाठी लंडनमध्ये बोली लागते!

या मेडलची कथा तर आणखी खास. अडगाव आणि गाविलगडची लढाई १८०३ ची, सीताबर्डीची १८१७ ची. व्हिक्टोरिया जन्मली १८१९ मध्ये. आणि मेडल मंजूर झालं १८५१ मध्ये! म्हणजे गाविलगडाच्या तटावर चढलेल्या शिपायाला मेडल हवं असेल, तर त्यानं त्यानंतर ४७ वर्षं जगायचं. जे हयात होते त्यांनाच मिळालं. म्हणून काही पट्ट्या इतक्या दुर्मिळ आहेत की संग्राहक त्यांच्यावर तुटून पडतात. आणि ज्याला मिळालं, त्याचं नाव मेडलच्या कडेवर कोरलेलं असतं.

हे वाचल्यावर मला एक गोष्ट टोचली. अडगावला कंपनीच्या बाजूनं कोण लढलं, त्यातल्या निदान काहींची नावं लंडनच्या कॅटलॉगात छापून येतात. समोरच्या बाजूनं, म्हणजे भोसल्यांकडून, आपल्याच गावांमधली माणसं लढली. त्यांची नावं कुठंयत? हरलेल्यांना मेडल नसतं. त्यांची असली तर एखादी तलवार असते, माळ्यावर, गोणपाटात गुंडाळलेली. नावाशिवाय.

तर आमची तलवार. कळंबचं जुनं घर विकायचं ठरलं, वाटणीत आम्ही चौघे. काकांचा फोन आला, “भंगारवाला येऊन ऱ्हायला उद्या. माळ्यावरचं सारं काढून ठेवलं. तलवार तुले पायजे असन तं सांग, नाई तं देतो लोखंडात.”

मी विचारलं, “काका, पण ती आहे कुणाची?”

“अरे आपलीच नं! आणखी कोणाची?”

“तसं नाही. वापरली कोणी?”

काका थांबले. “आजा म्हणे, भोसल्याच्या फौजेतली हाय. आता आजा काही सांगाले येत नाई.” मग म्हणाले, “तिच्यासंगं एक बिल्लाबी हाय, काळा पडलेला. चांदीचा वाटते. सोनाराले दाखवतो.”

मी जवळजवळ ओरडलोच. “सोनाराकडे नका जाऊ! आधी त्याच्या कडेचा फोटो पाठवा.”

“कडेवर कायचं काय असते... थांब. हाय बाप्पा काहीतरी.”

व्हॉट्सॲपवर फोटो आला. पहिल्या महायुद्धाचं मेडल. कडेवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण. नाव इंग्रजीत, स्पेलिंग धेडगुजरी, पण आडनाव आमचंच! मी फोनवर वाचून दाखवलं. काका बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, “हा तं माह्या आज्याचा भाऊ. बसऱ्याच्या लढाईले गेला म्हणत. आला नाई.”

त्या माणसाचा आमच्याकडे एकही फोटो नाही. कुठल्या कागदावर सही नाही. घरात त्याचं नाव कुणी घेत नव्हतं, कारण घेणारे सगळे गेले होते. उरलं होतं ते एवढंच, कडेवरचं, नखाएवढ्या अक्षरांत. सोनारानं ते वितळवलं असतं तर हातात चांदीचे थोडे पैसे आले असते, आणि हा माणूस दुसऱ्यांदा गेला असता. आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही हं. १९७९-८० मध्ये चांदीचा भाव कडाडला, तेव्हा खुद्द ब्रिटनमध्ये या महायुद्धाची असंख्य मेडल्स भट्टीत गेली.

सध्या मेडल काकांकडे आहे. आम्ही भावंडं मिळून कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या ऑनलाइन यादीत त्यांचं नाव शोधतोय, स्पेलिंग पाच प्रकारे टाकून. तलवार नागपूरच्या चुलतभावानं नेली. तिच्या मुठीला एक चिठ्ठी बांधलीय: ‘कळंबच्या घरातली. पणजोबा सांगत, भोसल्यांच्या फौजेतली. पुरावा नाही.’ ‘पुरावा नाही’ हे दोन शब्द लिहायलाच हवेत असा माझा हट्ट होता. उद्या कुणाला पुरावा सापडला तर त्याला कळेल, कुठून सुरुवात करायची ते.

आता तुमच्यापैकी काहींच्या डोळ्यांत पौंडांचे आकडे फिरायला लागले असतील. जरा थांबा! १०० वर्षांहून जुनी पुरावस्तू देशाबाहेर पाठवायला खासगी माणसाला आपल्या १९७२ च्या कायद्यानं बंदी आहे. पुरावस्तू खरेदी-विक्रीचा धंदा करायलाही लायसन्स लागतं. त्यामुळे ‘आजोबांची तलवार टू लंडन’ हे स्वप्न सोडा. विकायचीच असेल तर देशातल्या देशात, कागदपत्रं नीट करून. घरात जुनी बंदूक सापडली, अगदी ठासणीची असली, तरी आधी पोलीस ठाण्यात विचारा. आणि मेडल किंवा मूठ चकचकीत करायला पितांबरी घेऊन बसू नका. नक्षी, अक्षरं, जुना रंग, ज्यासाठी भाव मिळतो तेच घासलं जातं.

खरं काम याहून सोपं आहे, आणि ते आपल्याच पिढीला करावं लागणार आहे. गावाकडची घरं विकली जातायत, फ्लॅटमध्ये माळा नाही, आणि भंगारवाल्याच्या काट्यावर सगळ्या तलवारी सारख्याच. प्रत्येक वस्तूचे चार फोटो काढा: पुढून, मागून, कडेचा, आणि जिथं अक्षरं किंवा शिक्का असेल तिथला अगदी जवळून. मेडल असेल तर कड विसरू नका. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांना दिलेल्या मेडल्सवर नावं नव्हती, पण आपल्या हिंदी सैनिकांच्या मेडल्सवर ती घातली गेली. म्हणजे तुमच्या घरातल्या मेडलवर नाव असण्याची शक्यता चांगलीच आहे.

आणि ज्या वस्तूवर नाव नाही, तिचं नाव घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात आहे. ते डोकं कायम ऑनलाइन राहणार नाही. येत्या दसऱ्याला गावी गेलात की शस्त्रपूजेच्या पाटासमोर मोबाइल निघणारच आहे. सेल्फीच्या आधी रेकॉर्डर चालू करा, आजीच्या शेजारी बसा आणि एकच विचारा, “आजी, ही कुणाची गं?”