सिंगानी : नाव मिळाले, पुढे काय?

रॉद्रिगो पाझ यांनी ८ नोव्हेंबर २०२५ रोजी बोलिव्हियाच्या अध्यक्षपदाची शपथ घेतली, तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांनी दखल घेतली ती तेथील जवळपास वीस वर्षांच्या डाव्या वर्चस्वाच्या अस्ताची. दक्षिणेकडील तारिहा प्रांताला मात्र या घटनेत दुसरा अर्थ दिसला. पाझ हे तारिहा शहराचे माजी महापौर आणि याच प्रांताचे सिनेटर. त्यांचे वडील हाइमे पाझ झामोरा हेही तारिहाचेच आणि माजी राष्ट्राध्यक्ष. ज्या प्रांताचा माणूस सत्तेवर आला, त्या प्रांताची अवस्था आज मोठी विचित्र आहे. त्याला श्रीमंत करणारा नैसर्गिक वायू आटत चालला आहे. २०२४ साली अर्जेंटिनाने बोलिव्हियाचा वायू घेणे थांबवले आणि उरली ती जमिनीवरची जुनी मत्ता, म्हणजे द्राक्षबागा आणि त्यांतून निघणारी ‘सिंगानी’ ही दारू.

सिंगानी ही द्राक्षाच्या रसाची वाइन करून मग भट्टीत गाळलेली, पाण्यासारखी स्वच्छ दारू. कॉन्यॅकप्रमाणे ती लाकडी पिंपात मुरवत नाहीत. फुलांचा दरवळ हेच तिचे भांडवल. हा दरवळ येतो मस्कॅट ऑफ अलेक्झांड्रिया या एकाच वाणातून, आणि कायद्याने ती द्राक्षे समुद्रसपाटीपासून किमान १,६०० मीटर उंचीवर पिकलेली असावी लागतात. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. म्हणजे आपल्याकडे डोंगर जिथे संपतो, साधारण तिथून सिंगानीच्या मळ्याची हद्द सुरू होते. युरोपातील बहुतेक नामांकित बागा याच्या निम्म्या उंचीवरही नाहीत.

उंचीचा हा आग्रह केवळ जाहिरातीसाठी नव्हे. विषुववृत्तापासून एवढ्या जवळच्या अक्षांशावर सखल प्रदेशात उष्णतेमुळे उत्तम वाइनची द्राक्षे घेणे अवघड. उंचीमुळे ती उणीव भरून निघते. विरळ हवेतून येणाऱ्या प्रखर अतिनील किरणांमुळे फळाची साल जाड होते आणि सुवासिक द्रव्ये बहुतांशी सालीलगतच साठतात. दिवसा कडक ऊन, रात्री गारठा, त्यामुळे पिकतानाही आंबटपणा टिकतो. शिवाय हवेचा दाब कमी असल्याने भट्टीतील द्रव कमी तापमानाला उकळतो आणि त्यामुळे वास जळून जात नाही, असे उत्पादक सांगतात. याची किंमतही निसर्ग वसूल करतो. वसंतातील एका रात्रीचे हिमदव किंवा फळ भरताना झालेली दहा मिनिटांची गारपीट वर्षाचे उत्पन्न नेते. ऐन तोडणीचे महिने, जानेवारी ते मार्च, हे तेथील पावसाळ्याचेच. नाशिक-सांगलीच्या द्राक्ष बागायतदाराला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

या उद्योगाची मुळे चांदीत आहेत. चार हजार मीटरवरच्या पोतोसीच्या खाणींभोवती सतराव्या शतकात दीड लाखांवर वस्ती होती. त्या ओसाड थंडीत काही पिकत नव्हते, आणि वाइन व दारूला मागणी मात्र अफाट. ती भागवण्यासाठी खालच्या खोऱ्यांत वेली लागल्या. त्यांपैकी सिंतीच्या अरुंद, तांबड्या कड्यांच्या खोऱ्यात आजही शंभर वर्षांहून जुन्या वेली मोये नावाच्या झाडांवर चढवलेल्या आढळतात. पोफळीवर मिरवेल चढवावी तशीच ही रीत. शिडी लावून तोडणी करावी लागते, यंत्र तिथे चालत नाही. पर्यटकांना हे दृश्य रम्य वाटते. त्या शेतकऱ्याला मात्र ते परवडते का, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

बोलिव्हियाने १९८८ साली हुकूम काढून आणि १९९२ साली कायदा करून हे नाव आपल्या खोऱ्यांपुरते राखून ठेवले. परदेशात मात्र त्याला कोणी विचारत नव्हते. अमेरिकेत सिंगानीच्या बाटलीवर ‘ब्रँडी’ लिहावे लागे, आणि ब्रँडी म्हटल्यावर गिऱ्हाईक पिंगट, मुरलेल्या दारूची अपेक्षा ठेवणार. चे गव्हेरावरील चित्रपटाच्या निमित्ताने दिग्दर्शक स्टीव्हन सोडरबर्ग यांना सिंगानीची गोडी लागली. २०१४पासून ते ती अमेरिकेत विकू लागले आणि स्वतंत्र नावासाठी सरकारदरबारी चिकाटीने अर्ज करत राहिले. २०२० साली दोन्ही सरकारांत पत्रव्यवहार झाला : अमेरिका सिंगानीला बोलिव्हियाची वैशिष्ट्यपूर्ण दारू मानण्याच्या दिशेने पावले टाकेल, बोलिव्हिया बर्बन आणि टेनेसी व्हिस्कीला तोच मान देईल. जानेवारी २०२३मध्ये अमेरिकी खात्याने अंतिम नियम जाहीर केला. एका राष्ट्राला आपल्या दारूचे नाव मान्य करून घ्यायला हॉलिवूडचा दिग्दर्शक लागावा, यातच लहान देशांची बाजारातील पत दिसून येते.

तरीही सिंगानीचे नशीब बरे, कारण तिच्या नावावर दुसऱ्या देशाचा दावा नाही. शेजारच्या ‘पिस्को’चे तसे नाही. पेरूकडे त्या नावाचे बंदर आहे. चिलीने १९३६ साली आपल्या एका गावाचे नावच बदलून पिस्को एल्की केले. हा वाद थेट दिल्लीपर्यंत आला. पेरूने २००५ साली भारतात भौगोलिक मानांकनासाठी अर्ज केला. ते आधी ‘पेरूव्हियन पिस्को’ या नावाने मिळाले, २०१८ साली अपिलीय मंडळाने नुसते ‘पिस्को’ दिले, आणि जुलै २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने देशाचे विशेषण पुन्हा जोडले.

मानांकन आणि बाजार यांतील अंतर गोमंतकीयांना परके नाही. काजू फेणीला मानांकन मिळाले २००९ साली, ‘वारसा पेय’ हा दर्जा २०१६ साली; तरी राज्याची वेस ओलांडताच अबकारी नियमांचा ‘देशी दारू’ हा रकाना तिच्या आड येत राहिला. नावाची नोंद सरकार करू शकते, रकाना बदलायला मात्र समोरच्याची मर्जी लागते. बोलिव्हियाने निदान अमेरिकेपुरता तो बदलून घेतला.

पण तारिहाच्या शेतकऱ्याचे भवितव्य वॉशिंग्टनपेक्षा चलनबाजारात अधिक ठरते. सीमा अर्जेंटिनाला भिडलेली. पेसो घसरला की तिकडची स्वस्त वाइन चोरवाटांनी येऊन स्थानिक बाजार बुडवते. पेसो वधारला की अर्जेंटिनाचेच लोक खरेदीला इकडे येतात. २०११पासून अधिकृत दर डॉलरला ६.९६ बोलिव्हियानोवर गोठवलेला होता, तर २०२५च्या मध्यास काळ्या बाजारात तो दुपटीहून अधिक झाला होता. कॉर्क आणि यंत्रांचे सुटे भाग बाहेरून आणायला डॉलर हवा, आणि तो बँकेत मिळत नव्हता. निर्यातीला समुद्र नाही. १८७९च्या युद्धात किनारा चिलीने घेतला, त्यामुळे सिंगानीला जगाकडे जाण्याची मुख्य वाट आजही पिस्कोवाल्यांच्याच बंदरांतून आहे.

निर्यातीतून पैसा आला तरी तो कोणाच्या हाती पडेल, हाही प्रश्न उरतोच. बाटलीवर नाव असते ते मोजक्या मोठ्या भट्ट्यांचे. त्यांना द्राक्षे पुरवणारा लहान शेतकरी तोडणीनंतर फार काळ थांबू शकत नाही, फळ नासते. त्याच्यासाठी सामायिक भट्टी, किमान भाव, गारपिटीचा विमा यांपैकी काहीही अमेरिकेच्या नियमात नाही. ते लापाझमधील सरकारलाच करावे लागेल, आणि तिथे सध्या तारिहाचा माणूस बसला असला तरी तिजोरी रिकामी आहे.