गाडीलाही उंबरा असतो

पावसाळ्यात भोकरदनकडच्या रानातून परतलेला माणूस गाडीत कसा बसतो, ते एकदा बघा. चपलेला बोटभर काळी माती चिकटलेली असते. तो दाराच्या खालच्या कडेवर पाय टेकवतो, तळवा घासून चिखलाचा गोळा पाडतो आणि मग आत सरकतो. घरात उंबऱ्यावर पाय दिला की आजी रागवायची. गाडीचा उंबरा मात्र जो तो तुडवतो.

माझी पद्मिनी १९७५ ची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. पद्मिनी काय किंवा अॅम्बेसेडर काय, जुन्या जीपसारखी वेगळी चासी यांना नाही. उंबरा म्हणजे दारांखाली पुढून मागे जाणारा पत्र्याचा पोकळ डबा, आणि तोच या गाड्यांची तुळई आहे. तो सडला की गाडी मधोमध झुकते आणि दार उचलून लावावं लागतं. तेव्हा उंबरा जपायला त्यावर पट्टी हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ती बसवायची कशी, हा खरा प्रश्न आहे.

चार वर्षांपूर्वी मी एका गॅरेजात अॅल्युमिनियमच्या चेकर प्लेटच्या पट्ट्या बसवून घेतल्या. दर दाराला सहा भोकं, सहा स्क्रू. गाडी झकास दिसू लागली. गेल्या महिन्यात चालकाच्या बाजूची पट्टी उघडली, तर खाली पापडासारखी सुकलेली माती, पांढरी भुकटी आणि प्रत्येक भोकाभोवती तांबूस कडं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक नुसतं टेकवलं आणि ते आत गेलं. पत्र्याचं काम करणारे मिस्त्री शेजारी उभे होते. म्हणाले, “भाऊ, पट्टी चमकत होती म्हणून तुम्ही चार वर्षं खाली वाकून बघितलंच नाही.”

ते मला लागलं, कारण खरं होतं.

भोक पाडलं की रंग फाटतो, पत्र्याची कोरी कड उघडी पडते आणि स्क्रूच्या आट्यांवरून पाणी थेट पोकळ डब्यात उतरतं. अॅल्युमिनियम आणि लोखंड ओल्यात एकमेकांना चिकटून राहिले तर आधी अॅल्युमिनियम झिजतं. ती पांढरी भुकटी त्याचीच, आणि ती ओल धरून ठेवते. स्टेनलेसची पट्टी लावली तर उलटं होतं, गाडीचा पत्राच आधी खाल्ला जातो. त्यात आपली काळी माती पाणी प्याली की लवकर सोडत नाही.

म्हणून माझं ठाम मत आहे की उंबऱ्याला भोक पाडूच नये. पातळ पट्टी उंबऱ्याच्या वळणाप्रमाणे वाकवून घ्यावी, कडा कानशीने घासाव्यात आणि रंग शाबूत असलेल्या पत्र्यावर ती चांगल्या डबल साइड टेपने चिकटवावी. टेप चारी कडांनी सलग हवी, म्हणजे माती आत शिरत नाही. पट्टी काढायची झाली तर हेअर ड्रायरने ऊब द्यावी आणि खालून तंगूस करवतीसारखी ओढावी. भोकं आधीच पडली असतील तर गंज खरवडून रेड ऑक्साइड लावून ती बुजवावीत. उंबऱ्याच्या तळाशी पाणी निघायला बारीक छिद्रं असतात, ती मृगाच्या आधी तारेने मोकळी करावीत. हे शेवटचं काम पट्टीहूनही महत्त्वाचं आहे.

मूळ पत्रा जपायला आणखी एक कारण आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद होते, पण गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला चालत नाही. शिवाय सडलेला पत्रा बदलणंही सोपं नाही. आमच्या जालन्याच्या एमआयडीसीत सळई टनांनी निघते. पद्मिनीच्या दाराखालचा पत्रा मात्र दुकानात मिळत नाही, तो हाताने ठोकून घडवावा लागतो.

मिस्त्रींनी चालकाच्या बाजूचा सडका तुकडा कापलाय, हातभर लांबीचा. दुसऱ्या बाजूची पट्टी या रविवारी उघडणार आहोत.