रखवालदाराला मंडळ आहे, शुश्रूषा करणाऱ्या मावशीला का नाही?

पुण्या-मुंबईच्या कितीतरी सोसायट्यांत सकाळी आठच्या सुमाराला दोन माणसं कामावर येतात. एक फाटकापाशी उभा राहतो. दुसरी वर जाते, रात्रपाळीच्या बाईला डायपर कधी बदललं, ताप होता का ते विचारते आणि अंथरुणाला खिळलेल्या आजोबांच्या कामाला लागते. पहिल्यासाठी महाराष्ट्रात १९८१ पासून सुरक्षारक्षकांचा कायदा आणि मंडळ आहे. त्याची अंमलबजावणी कशी होते हा वाद वेगळा, पण दाद मागायला जागा तरी आहे. दुसरीला ती जागाच नाही.

तिचं काम जवळून पाहिलं पाहिजे. पक्षाघाताने एक बाजू गेलेल्या सत्तर किलोच्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. नाही बदलली, तर माकडहाडापाशी आणि टाचेवर कातडी लाल होते, मग फुटते, आणि ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. एकटीने हे करायचं तर पेशंटचा गुडघा वाकवून घ्यायचा, खांद्यामागे हात घालायचा, खालची आडवी चादर मुठीत धरून अंग आपल्याकडे ओढायचं आणि पाठीमागे उशी सरकवायची. बारा तासांत सहा वेळा. नाकातल्या नळीतून पातळ जेवण द्यायचं तेही डोकं उंच ठेवून, हळूहळू. घाई केली तर अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका. हे कसबाचं काम आहे. अनेक मावशींना ते कुणी रीतसर शिकवलेलं नसतं, आणि त्याची किंमत त्यांची कंबर मोजते.

ड्युटी बारा तासांची, नाहीतर चोवीस तासांची. १९४८ च्या कारखाने कायद्याने कामगाराचा दिवस नऊ तासांचा आणि आठवडा ४८ तासांचा ठरवला, जादा तासांना दुप्पट मजुरी लावली. चोवीस तासांच्या ड्युटीतली मावशी खाटेशेजारी चटई टाकते आणि हाक आली की उठते. त्या जागरणाला ओव्हरटाइम कसला? सुट्टी घेतली की खाडा. पेशंट दगावला की त्याच दिवशी ड्युटी संपली. पुढचं घर मावशी पुरवणारा ब्युरो देईल तेव्हा.

ब्युरो घरच्यांकडून किती घेतो आणि मावशीच्या हातात किती ठेवतो, हे बहुतेक वेळा दोघांनाही नीट ठाऊक नसतं. लेखी करार नाही, पगाराची पावती नाही. पेशंट उचलताना कंबर गेली तर जबाबदार कोण? ब्युरो म्हणतो, आम्ही फक्त माणूस पुरवतो. घरचे म्हणतात, आम्ही पैसे ब्युरोला दिले. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरालाही कामाचं ठिकाण मानतो, तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. पण उद्याची ड्युटी ज्यांच्या शब्दावर अवलंबून, त्यांच्याविरुद्ध ती कुणाच्या बळावर उभी राहणार?

महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. तो कल्याणाचा आहे. वेतन तो ठरवत नाही.

उपाय याच मातीत आहे. आज या गाळ्यावर, उद्या त्या, मालक एक असा नाहीच, ही स्थिती बाजारातल्या हमालांचीही होती. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखालच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. मालक आणि कामगार दोघांची मंडळाकडे नोंदणी, मजुरी मंडळामार्फत, वर लेव्ही, आणि त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार. हीच घडी शुश्रूषेच्या कामाला बसवता येते. ब्युरो मंडळाकडे नोंदवावेत, कमिशनला मर्यादा घालावी, आठ तासांपुढच्या प्रत्येक तासाला जादा दर लावावा, प्रशिक्षण मंडळाने मोफत द्यावं.

घरच्यांना हे परवडेल का? प्रश्न खरा आहे. पेन्शनवर चालणाऱ्या घराला दोन पाळ्यांचा खर्च आजच पेलत नाही. म्हणून अशा घरांच्या लेव्हीचा वाटा राज्याने उचलला पाहिजे. २०११ च्या जनगणनेतच राज्यात साठी ओलांडलेली माणसं एक कोटीच्या वर होती. एवढ्यांच्या म्हातारपणाचा भार गरीब बाईच्या कमी पगारावर टाकणं हा अन्याय आहे, आणि तो चालू ठेवण्याला परवडणं म्हणता येत नाही.

२०२४ साली राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. आजारी आणि वृद्धांची शुश्रूषा करणारेही त्यात आहेत. जर्मनीत १९९५ पासून शुश्रूषेसाठी सक्तीचा विमा आहे. घरी होणाऱ्या देखभालीचा काही खर्च त्यातून निघतो. तिकडे जाणाऱ्या मुलामुलींचं भलं होवो. पण परक्या देशातल्या वृद्धांसाठी प्रशिक्षण उभं करू पाहणाऱ्या सरकारने डोंबिवलीतल्या, नाशिकमधल्या मावशीसाठी मंडळ नेमायला आणखी किती वर्षं घ्यायची?

येत्या अधिवेशनात या मंडळाचं विधेयक मांडा, अशी मागणी प्रत्येक मतदाराने आपल्या आमदाराकडे लेखी करावी. ज्या घरात आज मावशी कामावर आहे, त्यांनी याच महिन्यापासून आठवड्याची एक भरपगारी सुट्टी सुरू करावी, बदली बाईचा खर्च तिच्या पगारातून कापू नये, आणि कमिशनचा आकडा ब्युरोकडून लिहून मागावा.