सूर आपला, सनद कोणाची?

चतुर्थीच्या दिवसांत मयेच्या वाड्यावाड्यांवर घुमट, शामेळ आणि कांसाळ्यांचा नाद घुमतो. गोवा सरकारने 2019 मध्ये घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. वाद्याला मान मिळाला. ते वाजवणाऱ्याच्या पदरात काय पडले, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याच राज्यातील एका रॉक गायकाच्या वाटचालीत सापडते.

1953 मध्ये जन्मलेले रेमो फर्नांडिस शिवोलीचे. मुंबईत वास्तुकलेचे शिक्षण घेऊन ते गावी परतले. 1984 मध्ये त्यांनी ‘गोअन क्रेझी’ हा संग्रह घरच्या घरी ध्वनिमुद्रित केला. वाद्ये स्वतः वाजवली आणि कॅसेट्स स्कूटरवरून दुकानोदुकानी नेऊन विकल्या. पुढे ‘जलवा’ (1987) आणि ‘बॉम्बे’ (1995) या चित्रपटांतील गीतांनी त्यांना देशभर पोहोचवले. 2007 मध्ये पद्मश्रीही मिळाली. या यशात आवाजाचा वाटा मोठा आहेच. पण पहिल्या कॅसेटचे मालक ते स्वतः होते, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची. मोठ्या कंपन्यांशी बोलणी करायला ते रिकाम्या हाताने बसले नाहीत.

त्यांच्या आधीच्या पिढीच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. हिंदी चित्रपटसृष्टीचे वाद्यवृंद गोमंतकीय वादकांनी उभे केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे संयोजन करणारे सेबॅस्टियन डिसोझा ही त्यांतील ठळक नावे. बाकीच्या शेकडो वादकांना दिवसाचे मानधन मिळाले. गाणी अजरामर झाली आणि वादक अनामिक राहिले.

कसणारा एक आणि कागदावर नाव दुसऱ्याचे, हे दुःख काय असते ते मयेवासीयांना सांगायला नको. मुक्तीनंतर स्थलांतरितांची मालमत्ता ठरलेल्या जमिनींवर येथील कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राबली. त्यांच्या हक्कासाठी कायदा व्हायला 2014 साल उजाडावे लागले. सुरांच्या जमिनीचेही असेच आहे. आज आरती मंडळाचे सादरीकरण कोणीही भ्रमणध्वनीवर टिपतो आणि समाजमाध्यमांवर टाकतो. लाखो लोक ते पाहतात. मंडळाचे नावही अनेकदा त्यात नसते.

कायदा येथे अगदीच मुका नाही. पारंपरिक आरतीची चाल कोणा एकाच्या मालकीची नसते. पण तिचे विशिष्ट सादरीकरण मात्र ते करणाऱ्यांचे असते. प्रताधिकार कायद्यात 2012 मध्ये झालेल्या दुरुस्तीने कलाकाराला आपले नाव लावून घेण्याचा आणि व्यावसायिक वापरातून मानधनाचा वाटा मिळवण्याचा हक्क दिला. हा हक्क पन्नास वर्षे टिकतो. अर्थात रेमोंची वाट प्रत्येक मंडळाला जशीच्या तशी चालता येणार नाही. ते एकटे होते, शिकलेले होते. घुमट आरती ही पंधरा-वीस जणांची सामूहिक कला आहे. म्हणूनच हक्काची नोंद मंडळाच्या नावे व्हावी, प्रत्येक कार्यक्रमाआधी साधा लेखी करार व्हावा आणि ध्वनिमुद्रणाची मूळ प्रत मंडळाकडे राहावी. साखळीच्या रवींद्र भवनात तालुक्यातील मंडळांसाठी अल्प दरात ध्वनिमुद्रणाची सोय करता येईल. त्यासाठी लागणारा खर्च एखाद्या महोत्सवाच्या रोषणाईपेक्षा फार मोठा नसावा.

डिसेंबर 2024 मध्ये पेडण्यातील धारगळ येथे सनबर्न महोत्सव झाला. त्याला विरोध झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. आवाज, वाहतूक आणि संस्कृती यांवरील वाद रास्तच होता. पण अशा मंचावर स्थानिक कलाकाराला किती वेळ, किती मानधन आणि चित्रफितीवर कोणता हक्क, हे प्रश्नही परवान्याच्या अटींत यायला हवेत. परवाना देताना अटी घालण्याची ताकद सरकारच्या हाती असते. परवाना दिल्यावर ती उरत नाही.

वारसा म्हणजे केवळ गौरवाचा फलक नव्हे. ज्याच्या हाती घुमट, त्याच्याच हाती त्याची सनद हवी. जमिनीच्या सनदेसाठी मयेने अर्धशतकाहून अधिक काळ वाट पाहिली. सुरांच्या सनदेसाठी तेवढी वाट पाहायची म्हटले, तर तोवर वाजवणारे हातच उरणार नाहीत.